उच्च शिक्षणाचे धोरण व प्रशासन : पीएच.डी. संशोधनाचे स्वरूप, प्रक्रिया आणि आव्हाने

सारांश

उच्च शिक्षणाचे धोरण व प्रशासन हे क्षेत्र भारतात व्यवहार म्हणून फार मोठे, परंतु अभ्यासविषय म्हणून अद्याप लहान राहिले आहे. या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या शिक्षकांना व अधिकाऱ्यांना विषयाची व्याप्ती, भारतातील संस्थात्मक पार्श्वभूमी, २०२२ च्या विनियमांनी ठरविलेली प्रक्रिया, संशोधनप्रश्नाची निवड, साधनसामग्री आणि आपल्याच संस्थेचा अभ्यास करताना उद्भवणारे पेच यांची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रशासकीय अनुभव हे या संशोधनाचे भांडवल असले, तरी तोच अनुभव प्रश्नांकित केल्याशिवाय त्याचे संशोधनात रूपांतर होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : उच्च शिक्षण धोरण, शैक्षणिक प्रशासन, पीएच.डी., संशोधनप्रश्न, धोरणाची अंमलबजावणी

प्रस्तावना

महाविद्यालयाचा प्राचार्य होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पीएच.डी. पदवी आवश्यक ठरविली. ती कोणत्या विषयातील असावी, याचे बंधन मात्र घातले नाही. त्यामुळे वनस्पतिशास्त्र, मराठी किंवा वाणिज्य या विषयांत संशोधन केलेली व्यक्ती प्राचार्यपदी येते आणि पदभार स्वीकारताच तिच्यापुढे अंदाजपत्रक, सेवाज्येष्ठता यादी, आरक्षणाची बिंदुनामावली, प्रवेशक्षमता, शिष्यवृत्तीचे प्रलंबित अर्ज आणि नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल येतो. ज्या विषयावर तिने प्रबंध लिहिला त्याचा या कामाशी क्वचितच संबंध असतो. प्रशासन हे अनुभवाने येते, ही समजूत त्यामुळेच दृढ झाली आहे.

या समजुतीत तथ्य नाही असे नाही. कोणती फाइल कोणत्या टेबलावरून कोठे जाते, हे अनुभवच शिकवतो. परंतु ती त्याच मार्गाने का जाते, त्या मार्गात किती काळ जातो आणि त्या काळात कोणाचे नुकसान होते, हे प्रश्न अनुभव आपणहून विचारत नाही. किंबहुना सवयीमुळे ते दिसेनासे होतात. या प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणे हे उच्च शिक्षणाचे धोरण व प्रशासन या विषयातील संशोधनाचे मुख्य कार्य होय.

या शोधाची निकड आकड्यांवरून लक्षात येते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात १,१६८ विद्यापीठे व विद्यापीठस्तरीय संस्था, तर ४५,४७३ महाविद्यालये होती. विद्यार्थिसंख्या सुमारे ४.३३ कोटी होती. महाविद्यालयांच्या संख्येत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचा क्रमांक होता. एवढा विस्तार ज्या निर्णयांवर चालतो त्या निर्णयांचा अभ्यास करणाऱ्यांची संख्या मात्र त्या मानाने अल्प आहे.

१. विषयाची व्याप्ती

धोरण आणि प्रशासन हे शब्द जोडीने वापरले जात असले, तरी त्यांचे क्षेत्र एक नाही. कोणासाठी, किती, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या दर्जाचे शिक्षण, यांविषयीचे सार्वजनिक निर्णय म्हणजे धोरण. ते निर्णय प्रत्यक्ष संस्थेत उतरविण्याची व्यवस्था म्हणजे प्रशासन. संशोधनाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची जागा या दोहोंच्या मध्ये असते, कारण कागदावरचा निर्णय आणि व्यवहारातील परिणाम यांतील अंतर तेथेच निर्माण होते.

महाराष्ट्राचे एक उदाहरण घेता येईल. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यास प्रारंभ केला. निर्णय राज्य मंत्रिमंडळाच्या पातळीवरचा होता. पण त्यातून शुल्क, प्रवेश, शिक्षकांचे वेतन आणि सामाजिक आरक्षण यांविषयीचे जे प्रश्न उद्भवले, तसेच प्रश्न अन्य राज्यांतूनही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मोहिनी जैन (१९९२), उन्नीकृष्णन (१९९३), टी.एम.ए. पै फाउंडेशन (२००२) आणि महाराष्ट्रातूनच गेलेला पी.ए. इनामदार (२००५) हे निवाडे, तसेच त्यानंतरची ९३ वी घटनादुरुस्ती, ही एकाच साखळीतील कडी आहेत. या साखळीचा अभ्यास करणाऱ्यास कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही विषयांत काही गती असावी लागते. हा विषय स्वभावतःच आंतरविद्याशाखीय आहे तो या कारणाने.

या क्षेत्रास स्वतःची काही सैद्धांतिक साधनेही लाभली आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३ मध्ये उच्च शिक्षणाच्या विस्ताराचे तीन टप्पे सांगितले. संबंधित वयोगटातील १५ टक्क्यांपर्यंत युवक शिक्षण घेत असतील तर ती व्यवस्था अभिजनांची, १५ ते ५० टक्के असतील तर बहुजनांची आणि त्यापुढे गेल्यास सार्वत्रिक, अशी ही मांडणी आहे. भारताचे स्थूल नोंदणी प्रमाण २०२१-२२ मध्ये २८.४ टक्के होते आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे व्यवस्था दुसऱ्या टप्प्यात आहे, परंतु तिचे पुष्कळसे नियम व परीक्षापद्धती पहिल्या टप्प्यात घडलेल्या आहेत. बर्टन क्लार्क यांनी १९८३ मध्ये शासनसंस्था, बाजारपेठ आणि विद्वज्जनांची सत्ता या तीन बिंदूंचा त्रिकोण मांडला व प्रत्येक देशाची उच्च शिक्षणव्यवस्था या त्रिकोणात कोठे तरी उभी असते असे दाखविले. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले की, नागरिकाच्या दृष्टीने खिडकीपलीकडे बसलेला कर्मचारी जे करतो तेच प्रत्यक्षात धोरण असते. ही साधने भारतीय वास्तवावर जशीच्या तशी लादता येत नाहीत. संलग्नीकरणाची पद्धती, अनुदानित व विनाअनुदानित असा भेद आणि जातिनिहाय आरक्षण या बाबींमुळे त्यांची पुनर्मांडणी करावी लागते. चांगल्या प्रबंधाचे योगदान पुष्कळदा या पुनर्मांडणीतच असते.

२. भारतातील संस्थात्मक पार्श्वभूमी

या विषयाची भारतातील प्रमुख संस्था म्हणजे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षिक नियोजन व प्रशासन संस्था, अर्थात ‘नीपा’. युनेस्कोच्या साहाय्याने १९६२ मध्ये स्थापन झालेले आशियाई प्रादेशिक केंद्र हे तिचे मूळ रूप. १९७० मध्ये ते राष्ट्रीय स्टाफ कॉलेज झाले, १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय संस्थेचे रूप मिळाले आणि २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. त्यानंतर २००७ पासून तेथे एम.फिल. व पीएच.डी.चे शिक्षण सुरू झाले. २०१४ मध्ये तेथेच उच्च शिक्षणातील धोरण संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील झाकीर हुसेन शैक्षणिक अध्ययन केंद्रातही शिक्षणाचे अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या अंगांनी संशोधन होते.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जुना संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले जे.पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यास आली. शिक्षणाचा विचार केवळ अध्यापनशास्त्राच्या चौकटीत न करता नियोजन, समाजरचना आणि अर्थकारण यांच्या संदर्भात करावा, ही दृष्टी नाईक यांनी रुजविली.

असे असले तरी राज्यातील अनेक विद्यापीठांत हा विषय स्वतंत्र नाही. शिक्षणशास्त्र विभागात शालेय शिक्षण व शिक्षक-प्रशिक्षण यांना प्राधान्य असते. लोकप्रशासन विभाग प्रामुख्याने शासनयंत्रणेकडे पाहतो. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत मनुष्यबळ, नेतृत्व अशा संकल्पनांवर भर असतो. संशोधकाने कोणत्या दाराने आत जायचे, हा पहिला व्यावहारिक निर्णय ठरतो. हा निर्णय मार्गदर्शकाची उपलब्धता पाहून घेतला जातो. वस्तुतः तो प्रश्नाच्या स्वरूपावरून घ्यावयास हवा. शुल्क व अनुदानाचा प्रश्न असेल तर अर्थशास्त्र, अधिसभा व विद्यापरिषद यांच्या अधिकारांचा असेल तर राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन, आणि अभ्यासक्रम व मूल्यमापनाचा असेल तर शिक्षणशास्त्र, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

३. प्रवेश व प्रक्रिया

पीएच.डी.विषयक किमान मानके आयोगाने प्रथम २००९, नंतर २०१६ आणि त्यानंतर नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी निश्चित केली. २०२२ च्या विनियमांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) पात्रता : पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांस ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेशासाठी ७५ टक्के गुण.

(आ) कालावधी : अभ्यासक्रमकार्यासह किमान तीन व कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीद्वारे आणखी दोन वर्षांची मुदतवाढ. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांस त्यापुढे आणखी दोन वर्षे. महिला संशोधकांस प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा.

(इ) अभ्यासक्रमकार्य : किमान १२ श्रेयांक. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा भाग अनिवार्य.

(ई) मार्गदर्शन : प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधक.

(उ) एम.फिल. ही पदवी बंद करण्यात आली.

(ऊ) दूरशिक्षण अथवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करण्यास मान्यता नाही, अर्धवेळ पीएच.डी. मात्र करता येते.

प्रवेशाबाबत, मार्च २०२४ मध्ये आयोगाने ‘नेट’ परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याची पद्धती जाहीर केली.

२०१६ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित करणे व परिषदांत दोन शोधनिबंध वाचणे बंधनकारक होते. २०२२ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. सक्तीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले होते, हे लक्षात घेता हा बदल विचारपूर्वक केलेला दिसतो. परंतु अट गेली म्हणजे प्रकाशनाची गरज संपली असे नाही. धोरणविषयक निष्कर्ष प्रबंधाच्या जाड पुठ्ठ्यात बंद राहिले, तर ते ज्यांच्यासाठी काढले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

प्रबंधातील उसनवारीबाबत २०१८ चे स्वतंत्र विनियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रतिबंध होतो. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. धोरणविषयक प्रबंधात आयोगांचे अहवाल व शासन निर्णय यांतील मजकुराची पाने भरण्याचा मोह मोठा असतो. दस्तऐवज उद्धृत करणे आणि त्याचे विश्लेषण करणे यांतील भेद संशोधकाने प्रारंभापासून सांभाळावा.

४. संशोधनप्रश्नाची निवड

या विषयातील प्रबंधांचे एक परिचित रूप असे : एखाद्या जिल्ह्यातील काही महाविद्यालये निवडायची, प्राचार्यांची नेतृत्वशैली व शिक्षकांचे कार्यसमाधान यांवर पाच पर्यायांची प्रश्नावली द्यायची, टक्केवारी काढायची आणि शेवटी शासनाने अधिक निधी द्यावा अशी शिफारस करायची. अशा अभ्यासात परिश्रम असतात, पण प्रश्न नसतो. उत्तर आधीच माहीत असते आणि प्रश्नावली केवळ त्यास दुजोरा देते. शिवाय प्राचार्यांविषयीची प्रश्नावली प्राचार्यांच्याच कार्यालयात जमा होणार असेल, तर शिक्षक काय लिहितील हे सांगावयास नको.

याउलट मर्यादित पण धारदार प्रश्न कसा तयार होतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. ‘शुल्कसवलत योजनेचा चिकित्सक अभ्यास’ हा या संदर्भात विषय झाला; प्रश्न झाला नाही. प्रश्न पुढीलप्रमाणे विचारता येतात. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थिनीकडून रक्कम घेतली जाते का, आणि घेतली तर कोणत्या नावाखाली? शासनाकडून प्रतिपूर्ती येईपर्यंतच्या काळाचा भार संस्था सोसते की पालक? उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळालेली विद्यार्थिनी कोठे जाते? सवलतीत न येणारा वसतिगृह, प्रवास व पुस्तके यांचा खर्च प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम करतो का?

या प्रश्नांमुळे एकच शासन निर्णय चार ठिकाणी तपासला जातो : मंत्रालयातील मजकुरात, ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीत, महाविद्यालयाच्या लेखा विभागात आणि विद्यार्थिनीच्या घरी. धोरण यशस्वी की अयशस्वी एवढे ठोकळ उत्तर येथे पुरत नाही. ते कोणासाठी, कोठवर आणि कोणत्या टप्प्यावर अडते, हे सांगावे लागते. लिप्स्की यांचे प्रतिपादन अशा अभ्यासात केवळ संदर्भापुरते न राहता प्रत्यक्ष उपयोगी पडते.

याच धर्तीवर आणखी काही क्षेत्रे सुचविता येतील. तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या नेमणुका आणि विभागाच्या शैक्षणिक कामावर होणारा त्यांचा परिणाम. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ मधील बृहत आराखडा आणि नवीन महाविद्यालयांची प्रत्यक्ष भौगोलिक वाटणी. स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांत परीक्षा व निकालांच्या कामाचा वाढलेला भार. ग्रामीण भागातील एकशाखीय महाविद्यालयांपुढे बहुविद्याशाखीय धोरणाने उभे केलेले प्रश्न. यांपैकी प्रत्येक क्षेत्रात निर्णय, अंमलबजावणी आणि परिणाम या तिन्ही पातळ्यांवर पुरावा मिळू शकतो.

५. साधनसामग्री

या विषयातील संशोधकाचे खरे ग्रंथालय पुष्कळदा संस्थेच्या अभिलेख कक्षात असते. व्यवस्थापन परिषद व महाविद्यालय विकास समितीची इतिवृत्ते, प्रवेश नोंदवह्या, शुल्काच्या पावत्या, संलग्नीकरण समित्यांचे अहवाल, वेतनपत्रके आणि न्यायालयीन प्रकरणांच्या फायली ही प्राथमिक साधने होत. इतिवृत्तात नोंद झालेला ठराव आणि सभेत झालेली चर्चा यांत अंतर असू शकते, हे ध्यानात घेऊन त्यांना मुलाखतींची जोड द्यावी लागते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून उपलब्ध आहे. मात्र ते संस्थांनी स्वतः भरलेल्या माहितीवर आधारलेले असल्याने तिची पडताळणी इष्ट ठरते. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात पाहता येतात. विषय निश्चित करण्यापूर्वी ते वाचल्यास पुनरावृत्ती टळते.

सार्वजनिक संस्थांकडील माहिती माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये मागता येते. पण विद्यार्थ्यांचे उत्पन्न, जात किंवा गुण यांसारखी वैयक्तिक माहिती हाताळताना संमती व गोपनीयता पाळणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर या कर्तव्याचे भान अधिकच आवश्यक झाले आहे.

६. सेवेतील संशोधकापुढील पेच

अर्धवेळ संशोधकास नियुक्ती देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि आवश्यकता भासल्यास अभ्यासक्रमकार्यासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. अन्य विषयांत ही औपचारिकता ठरते. या विषयात ती मूलभूत अडचण होऊ शकते, कारण ज्या संस्थेने परवानगी द्यावयाची तिच्याच कारभाराचा अभ्यास करावयाचा असतो. अभिलेख पाहण्याची परवानगी, सहकाऱ्यांच्या मुलाखती आणि निष्कर्षांचे प्रकाशन या तिन्ही वेळी हा पेच नव्याने उभा राहतो. संस्थेस अप्रिय असलेला निष्कर्ष सौम्य करावा की आपली नोकरी व बढती धोक्यात घालावी, अशी द्विधा अवस्था निर्माण होते.

यावर काही उपाय संभवतात. आपल्या संस्थेऐवजी तत्सम तीन-चार संस्थांचा तुलनात्मक अभ्यास करणे, संस्थांची व व्यक्तींची नावे सांकेतिक ठेवणे, माहिती पाहण्याच्या अटी प्रारंभीच लेखी ठरवून घेणे आणि मार्गदर्शक शक्यतो आपल्या संस्थेबाहेरचा निवडणे हे त्यांपैकी प्रमुख होत. व्यक्तींच्या दोषांपेक्षा प्रक्रियेच्या रचनेवर लक्ष केंद्रित केल्यास अभ्यास अधिक सखोलही होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज एका लिपिकामुळे रखडला हे विधान तक्रार आहे. एका लिपिकाकडे किती अर्ज, किती योजना आणि किती अंतिम मुदती सोपविल्या होत्या, याचा हिशेब हे संशोधन आहे.

आतल्या माणसाचे दुसरे संकट त्याच्या खात्रीचे असते. वीस वर्षे परीक्षा विभागात काम केलेल्या व्यक्तीस निकाल उशिरा का लागतात हे ठाऊक असते. ते उत्तर खोटे असते असे नाही, पण ते एका खुर्चीवरून दिसलेले असते. तोच प्रश्न उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकास, निकालाअभावी पुढील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यास आणि संगणकीय काम सांभाळणाऱ्या यंत्रणेस विचारल्यावर त्याचे स्वरूप बदलते. आपल्या अनुभवाची नोंद संशोधनाच्या पहिल्याच महिन्यात लिहून ठेवून अखेरीस ती निष्कर्षांशी ताडून पाहणे, ही साधी पद्धत येथे उपयुक्त ठरते.

७. पदवीचे मूल्य

भारतातील पीएच.डी. नोंदणी २०१४-१५ मधील १.१७ लाखांवरून २०२१-२२ मध्ये सुमारे २.१२ लाखांपर्यंत वाढली. या वाढीमागे ज्ञानाची ओढ आहे, तसेच नियुक्ती व पदोन्नतीच्या नियमांचा दाबही आहे. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची तरतूद २०१८ मध्ये झाली, तिची मुदत पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये नेट, सेट हीच किमान अर्हता राहील असे ठरले. एका नियमाच्या अशा ये-जा करण्याने हजारो उमेदवारांची वर्षे कशी आखली व मोडली जातात, हा स्वतःच या विषयातील एका प्रबंधाचा विषय आहे.

पदोन्नतीसाठी पदवी घेण्यात गैर काही नाही. मात्र या विषयातील पदवीधारक पुढे प्राचार्य, अधिष्ठाता, परीक्षा विभागाचा संचालक किंवा विभागीय सहसंचालक होण्याचा संभव असतो. त्याने प्रबंधात प्रश्न टाळले असतील, तर तीच सवय पदावर जाते. आकड्यांमागील माणसे पाहण्याची शिस्त त्याने अंगी बाणवली असेल, तर एखाद्या परिपत्रकाचा मसुदा करताना ते कोणत्या खिडकीपाशी अडेल, याचा विचार त्यास आधी सुचेल.

समारोप

उच्च शिक्षणाचे धोरण व प्रशासन या विषयातील पीएच.डी.साठी नियमांची माहिती आवश्यक आहे, परंतु नियमांचे संकलन म्हणजे संशोधन नव्हे. मर्यादित व तपासता येईल असा प्रश्न, त्या प्रश्नास अनुरूप विद्याशाखा, संस्थेच्या अभिलेखांचे काटेकोर वाचन, परिणाम भोगणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या साक्षी आणि आपल्या अनुभवाकडेही साशंकतेने पाहण्याची तयारी, यांवर अशा प्रबंधाचे मोल ठरते. विद्यापीठांनी या विषयासाठी आंतरविद्याशाखीय मार्गदर्शन उपलब्ध करून दिले आणि संस्थाचालकांनी आपले अभिलेख अभ्यासकांस खुले केले, तर महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे साठलेल्या कागदांतून राज्यातील उच्च शिक्षणाचा विश्वसनीय इतिहास आणि पुढील निर्णयांचा आधार, दोन्ही हाती येऊ शकतील.